बाटलीत पाणी किती

मंगळवार, ३ तारीख

प्यायले! मी! वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि आज दुपारी चार वाजता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून स्कॉच प्यायले. चमचाभरच. पण प्यायले!

घशातून अशी गेली की कुणी पेटती काडी आत सोडावी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. भिंगरी ओरडली, "आजी, थुंक, थुंक!" मी म्हटलं, "थुंकते कशाला, उतरली की खाली." मग दोघी इतक्या हसलो की शेजारच्या शिंपीणबाईंनी भिंतीवर ठोकलं.

भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. चौकातल्या मोठ्या हॉटेलात बारवर उभं राहायचं असं तिने डोक्यात घेतलंय. तिथे एक म्हातारे उस्ताद आहेत, ह्या एवढ्या मिशांचे, ते परीक्षा घेतात. परीक्षा म्हणजे काय, तर आपली बाटली आपणच निवडून न्यायची, त्यांच्यापुढे ओतायची, आणि ते एकच विचारतात — "हिच्यात काय घालू?" बस! एवढाच प्रश्न आणि पोरं धडाधड आडवी होतात. मागच्या खेपेला हीपण झाली. पुस्तकातलं म्हणून दाखवलं, "चांगल्या स्कॉचमध्ये काही घालू नये, पाणीसुद्धा नाही." मिशीवाले म्हणाले, "का?" ही म्हणाली, "पुस्तकात आहे." "पाणी घालून कधी वास घेतलायस?" नव्हता घेतला. "मग घेऊन ये," म्हणाले, आणि पुढच्याला हाक मारली.

आता वीस तारखेला दुसरी खेप. तिसरी नसते. आणि आमच्या चष्मेवाल्याने — माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने — अट घातलीय. पास झाली तर तो एक शब्द बोलणार नाही. नापास झाली तर बार विसरायचा आणि त्याच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं. जन्मभर आपलं, हे अक्षर दिसतंय का, आता दिसतंय का! पोरगी हट्टाने हो म्हणाली. बापावरच गेलीय मेली.

म्हणून चार वाजता. सूनबाई शाळेत शिकवते ती साडेपाचला येते. चष्मेवाला दुपारी जेवून गेला की आठशिवाय येत नाही. मधला वेळ आमचा.

बुधवार, ४ तारीख

सकाळी उठले तर डोकंबिकं काही दुखत नाही. उगाच नावं ठेवतात लोक.

शुक्रवार, ६ तारीख

आज मोठीच गंमत झाली. भिंगरीने माझ्यापुढे तीन पेले ठेवले. एकात नुसती स्कॉच. एकात औषधाच्या ड्रॉपरने चार थेंब पाणी. एकात चमचाभर. मला म्हणाली डोळे मिट. मिटले. पेले इकडचे तिकडे केले. "सांग."

मी वास घेतला आणि सांगितलं. तिन्ही बरोबर! पोरगी उडालीच. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. चौथ्यांदा तिने लबाडी केली, तिन्हीत सारखंच पाणी घातलं. मी म्हटलं, "बयो, आजीला बनवतेस होय?"

"आजी, तुला कळतं कसं?"

आता ह्यात न कळण्यासारखं काय आहे. एकतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली मी. दोनशे माणसांचं जेवण, दोन वेळा. आणि आमच्या मुख्य बाईंचा नियम असा की चमचा तोंडाला लावायचा नाही. आजाऱ्यांचं अन्न उष्टं होता कामा नये. आणि वेगळ्या वाटीत काढून बघायला वेळ कुणाला! मग मीठ कसं बघायचं? वासावर. लोक म्हणतात मिठाला वास नसतो. नसेल. पण मीठ पडलं की बाकीच्यांचा वास बदलतो. बटाटा इतका वेळ गप्प बसलेला असतो, तो बोलायला लागतो. सुरुवातीला मीही रडले होते त्या कामावर. कांदे कापताना रडले म्हणजे कुणाला कळायचं नाही. पुढे एवढी पटाईत झाले की दारातून सांगायचे, तिसऱ्या पातेल्यात कमी पडलंय.

पाण्याचंही तेच. पाण्याला कुठे वास असतो? पण ते पडलं की स्कॉचला तोंड फुटतं. नुसती असते तेव्हा तिच्यात एकच वास पुढे असतो, फटाककन नाकात शिरणारा. बाकीचे सगळे त्याच्या मागे दाटीवाटीने उभे. चार थेंब पाणी घातलं की हा पुढचा जरा बाजूला सरतो. मग मागून एक एक डोकावतात. मला आधी मध आला. मग नवं दप्तर. हो, नवं कोरं चामड्याचं दप्तर! मग पिकलेलं नासपती. आणि अगदी तळाला विझवलेल्या लाकडाचा धूर.

भिंगरी लिहून घेत होती. मी चौथी शिकलेली बाई, आणि माझं बोलणं पोरगी वहीत उतरवून घेते! कॉलर असती तर ताठ केली असती.

रविवार, ८ तारीख

रविवार. सगळे घरात. काहीच करता आलं नाही. सूनबाईने विचारलं, "आई, चार वाजता तुम्ही घड्याळाकडे का बघत होता?" म्हटलं, सवय.

सोमवार, ९ तारीख

आज बर्फ आणि सोडा.

बर्फ मला नाही आवडला. वास चादर ओढून झोपून जातो. मेलेला नसतो, असतो आतच, पण हलवलं तरी उठत नाही. भिंगरी म्हणाली उकाड्यात लोकांना तसंच लागतं. लागू दे बापडे. नाक घरी ठेवून यायचं असेल तर बर्फ चांगला.

सोड्याचं वेगळं. सोडा नाकात मुंग्या सोडतो आणि दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही. सगळं आपणच बोलतो, आमच्या सूनबाईच्या बहिणीसारखा! पण उंच पेल्यात भरपूर सोडा, थोडी स्कॉच आणि लिंबाची नुसती साल पिळली तेव्हा बरं लागलं हो. म्हटलं, हे बोलकं माणूस आहे, पण मनाने चांगलं आहे. सूनबाईची बहीणही तशीच आहे म्हणा. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस राहिली होती.

नळाचं पाणी चालत नाही हेही आज कळलं. त्याला तो औषधाचा वास. उकळून, झाकून, गार केलेलं घ्यायचं. आणि पेले साबणाने धुवायचे नाहीत, गरम पाण्याने नुसते खळबळून उलटे ठेवायचे. हे मीच शोधून काढलं. भिंगरी म्हणाली, "आजी, तू आधी का नाही भेटलीस?" मी म्हटलं, तू जन्मलीस तेव्हा आंघोळ मीच घातली तुला, अजून किती आधी भेटू!

गुरुवार, १२ तारीख

कोला. कोला घातला की कोलाच उरतो. ज्याला कोला प्यायचा त्याने कोला प्यावा, स्कॉचला कशाला त्रास.

आल्याचं ते फसफसणारं पेय चांगलं जमलं. गरम पाणी, मध, लिंबू, एक लवंग, हे तर फारच! माझ्या घशात आठवडाभर खवखव होती ती गेली. चहात घालून बघू म्हटलं तर भिंगरीने कपाळाला हात लावला. मी तरीही घातली. तिचं खरं होतं.

आज तिला एकदम रडू आलं. सगळं छान चाललेलं आणि एकदम. "आजी, हे सगळं मला येतंय गं, पण त्यांच्यापुढे उभी राहिले की माझी बोबडी वळते. आणि मग बाबांच्या दुकानात... मला नाही गं जमणार तिथे, मी गुदमरेन." मी तिला जवळ घेतलं. दुकान वाईट नाही, बाप तर मुळीच वाईट नाही. पण पोरीचा जीव त्या काउंटरच्या मागे आहे, बाटल्यांच्या रांगेत, त्याला कोण काय करणार. माझा नव्हता का पातेल्यांत.

मी म्हटलं, उद्यापासून तू नुसतं नाक चालवायचंस. पुस्तक बंद. मी ओतणार, तू डोळे मिटून सांगणार.

शनिवार, १४ तारीख

सहात दोन बरोबर.

मंगळवार, १७ तारीख

दहात नऊ! दहात नऊ बरोबर आले पोरीचे! आणि नुसतं पाणी आहे-नाही एवढंच नव्हे, किती थेंब ते सांगते. एक चुकलं तेही खिडकी उघडी होती आणि शिंपीणबाईंकडे इस्त्रीला कापड करपलं म्हणून. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या गुडघ्यांना कळलंसुद्धा नाही की मी उभी आहे.

आणि मोठा निकालही लागला. जी स्कॉच ती परीक्षेला नेणार, तिला किती पाणी हवं ते ठरलं. पूर्ण बाटलीच्या हिशोबाने एक कप. म्हणजे माझा तो मापाचा पितळी कप, इस्पितळातून निरोपाच्या दिवशी मुख्य बाईंनी माझ्या हातात ठेवला होता तो. त्याच्याहून कमी घातलं तर पुढचा वास हटत नाही. जास्त घातलं तर सगळेच निघून जातात, मागे ओली फळी उरते. एक कप म्हणजे एक कप.

चष्मेवाला आज जेवताना म्हणाला, "घरात कसला तरी वास येतो हल्ली." सूनबाई म्हणाली, "फिनेलचा असेल." भिंगरीने ताटात डोकं घातलं. मी म्हटलं, हो, जरा दाट झालं असेल.

तो विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. पण त्याचं तोंड लहानपणी रुसायचा तसं असतं. आयुष्यात थेंब शिवला नाही तो, आणि पोरगी लोकांना ओतून देणार म्हणते. त्याला वाटतं तिने आपलं दुकान नाकारलं म्हणजे आपल्यालाच नाकारलं. बोलत नाही, पण मी आई आहे, मला त्याच्या चष्म्याच्या काचेतूनही दिसतं.

गुरुवार, १९ तारीख

उद्या परीक्षा. भिंगरी सकाळपासून तीनदा आंघोळीला गेली. शर्टाला इस्त्री करायला शिंपीणबाईंकडे गेली ती तिथेच बसली.

मी तिचं एक काम करून ठेवलं.

आमच्या घरात कुठलीही बाटली आली की आधी माझ्याकडे येते. शाम्पू, फिनेल, भांड्यांचा साबण, सरबताचा अर्क, दुकानातलं काचा पुसायचं औषधसुद्धा. दाट असतं ते मी बरोबर करते आणि मगच बाटली जाग्यावर जाते. कुणाला मापबीप करावं लागत नाही, उघडायचं आणि वापरायचं. सगळ्यांना सवय झालीय. म्हणून म्हटलं, त्या परीक्षेत पोरगी घाबरलेली असणार, त्यात ड्रॉपर कुठे सांभाळत बसेल? बाटली तिने वास बघायला काल उघडलेलीच होती. मी त्यातून एक कप स्कॉच काढली — खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तीनदा खळबळून घेतली, तिच्यात भरली — आणि एक कप पाणी घातलं. उकळून गार केलेलं. बूच लावलं आणि बाटली तीनदा हळूच उलटीसुलटी केली. वास घेतला. अहाहा! दप्तर, नासपती, धूर, सगळे हजर, ओळीने उभे.

मग जेवून जरा पडले. इतकी शांत झोप लागली.

भिंगरी आली तेव्हा तिची अशी काही तारांबळ की सांगायचं राहूनच गेलं. उद्या उघडेल तेव्हा कळेलच तिला. खूश होईल!

शुक्रवार, २० तारीख

गेली. पाया पडून गेली, बाटली टॉवेलात गुंडाळून.

शुक्रवार, रात्री

सगळं जसं सांगितलं तसं लिहिते.

सहा पोरं होती. पाच मुलगे, ही एकटी. हिचा नंबर शेवटचा. मिशीवाले बसलेले, पुढे पेला. हिने बाटली उघडली, ओतायच्या आधी नाकाशी धरली — आणि हिच्या पायाखालची जमीन सरकली. ओली फळी!

मिशीवाले म्हणाले, "ओत." हिने ओतली. "हिच्यात काय घालू?"

पोरगी सांगत होती तेव्हा मी स्टूल घट्ट धरून बसले होते. म्हणाली, "आजी, माझ्या डोक्यात आलं, काही तरी सांगून मोकळं व्हावं. बर्फ सांगावा, बर्फात काही कळत नाही. पण तोंडातून निघालंच नाही ते." मग काय निघालं? म्हणाली, "सर, काही घालू नका. घालायचं ते आधीच घातलं गेलंय. जास्तच. दोन कप आहे."

"दोन कप काय?"

"पाणी."

सगळे हसले म्हणे. ते पाच मुलगे तर पोट धरून. मिशीवाले हसले नाहीत. "कुणी घातलं?" तर ही म्हणाली, "माझ्या आजीने. आमच्याकडे सगळ्या बाटल्या तीच पातळ करते." — खरं सांगते, हे ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी मग आतून एक उंच नळकांडं आणलं. त्यात ती व्हिस्की भरली आणि वर एक काचेची नळी सोडली, आकडे असलेली, ती तरंगते. पातळ असेल तशी ती खाली बुडते का वर येते, काही तरी. वाकून आकडा बघितला. हिला विचारलं कप केवढा. हिने हाताने दाखवला. कागदावर काही तरी मांडलं. आणि म्हणाले, "दोन कप. बरोब्बर."

मग एवढंच बोलले, "सोमवारी कळवतो." आणि मिशीवर हात फिरवत आत गेले. उरलेली बाटली घेऊन!

पोरगी मला एक शब्द वाकडा बोलली नाही. गळ्यात पडून म्हणाली, "आजी, अगं एकच कप ठरला होता ना आपला? दोन का घातलेस?"

मी एकच घातला! मी एकच कप घातला!

हे सगळं ती जेवताना पुन्हा सांगत होती तेव्हा चष्मेवाल्याला असा ठसका लागला की सूनबाईने पाठीवर थापट्या मारल्या. त्याला वाटलं असेल झालं, पोरगी नापास, आता दुकानात येणार. पण आनंद काही दिसला नाही तोंडावर. पानातलं तसंच टाकून उठला.

शनिवार, २१ तारीख

एकच घातला. खोकल्याच्या बाटलीत काढलेली आहे ती एकच कप आहे. दोन काढले असते तर दोन असते ना! सूनबाईला दाखवली. ती मऊ आवाजात म्हणाली, "आई, दुसरा तुम्ही प्यायला असाल. आणि विसरला असाल."

प्यायले असते तर गाणी म्हटली असती मी, विसरते कशाला.

सोमवार, २३ तारीख

पास! पास! पास!

अकरा वाजता फोन आला. भिंगरीने उचलला, "हो सर, हो सर, हो सर," आणि मग फोन ठेवायचाच विसरली, हातात धरूनच घरभर नाचली. मी स्टुलावर होते, मला स्टुलासकट फिरवलं. शिंपीणबाईंनी भिंतीवर ठोकलं. भिंगरीनेही उलट ठोकलं. त्या धावत आल्या, त्यांनाही फिरवलं!

मिशीवाले म्हणाले म्हणे, "बाटलीत पाणी घालणारे बारमध्ये मला खूप भेटले. आपल्या बाटलीत पाणी आहे म्हणून सांगणारी पहिली भेटली. आणि किती आहे ते नाकाने सांगणारीही पहिलीच. एक तारखेपासून ये." आणि वर म्हणाले, "आजींना सांग, पुढे माझ्या बाटल्यांना हात लावायचा नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी काय, हसू काय, सगळं एकदमच. मी म्हटलं, त्यांना सांग, तुमचे पेले कसे धुतात ते एकदा येऊन बघणार आहे.

चष्मेवाला दुपारी जेवायला आला. भिंगरी दारातच, "बाबा, पास झाले मी." त्याने तिच्याकडे बघितलं. डोक्यावर हात ठेवला. "बरं," म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, आणि पटकन दुसरीकडे. अटीप्रमाणे त्यापुढे एक शब्द बोलला नाही. जेवलाही नाही धड.

मंगळवार, २४ तारीख

सूनबाईने वेळ घेतलीय. विसरण्याच्या डॉक्टरांची. गुरुवारी.

ती वाईट नाही हो. घाबरलीय. शाळेतून आल्यावर माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेऊन बोलली. "आई, परवा चष्मा डोक्यावर होता आणि तुम्ही घरभर शोधत होतात. गेल्या महिन्यात नळ चालू राहिला. आणि आता हे. नुसतं बघून घेऊ." मग जरा थांबून म्हणाली, डॉक्टर काही बोलले तर गॅस एकटीने पेटवू नका. कुणी घरी असेल तेव्हाच.

म्हणजे स्वयंपाकघर गेलं म्हणायचं. एकतीस वर्षं दोनशे माणसांची चूल सांभाळली, आणि आता चहाला परवानगी!

चष्म्याचं कबूल. नळाचंही कबूल. पण माप? माप मी कधी चुकले नाही. झोपेतून उठवून विचारा.

भिंगरी एकटी म्हणते, आजी चुकणार नाही. पण तीच म्हणते, दोन कप होते. आणि तीही चुकणार नाही, मीच शिकवलंय तिला! आता काय करायचं माणसाने?

"मी नेतो आईला," चष्मेवाला म्हणाला. खाली मान घालून. आज माझ्यासाठी दुकानातून नवी फ्रेम घेऊन आला, हलकी, सोनेरी काठाची. न मागता! मुलगा हळवा झालाय, मला वाटतं माझं काही खरं नाही असं त्यालाही वाटतं.

बुधवार, २५ तारीख

माझी मीच परीक्षा घेतली. भिंगरीला बाजारात पाठवलं. त्याच मापाची रिकामी बाटली पाण्याने भरली. तोच कप. तसाच काढला, तसाच घातला, बूच लावलं, तीन वेळा उलटी केली. मग मोठ्याने म्हटलं, "एक." आता हात काय करतात ते बघत बसले. पुन्हा घालायला जातात का.

नाही गेले. गप्प मांडीवर बसले.

पण विसरणाऱ्याला आपण विसरलो हे कुठे आठवतं. एवढं मनात आलं आणि मग मात्र जरा भीती वाटली. नवी फ्रेम घालून आरशात बघितलं. छान दिसते. डॉक्टरांपुढे तरी नीट जाऊ.

गुरुवार, २६ तारीख

दवाखान्यात आमच्या आधी दोनच माणसं होती. चष्मेवाला बाकावर माझ्याशेजारी, हातातली नंबराची चिठ्ठी गोल गोल गुंडाळत. आतून आमचा नंबर पुकारला. मी उठायला लागले तर त्याने हात धरून मला खाली बसवलं.

"आई, दुसरा कप मी."

"काय रे?"

"त्या गुरुवारी जेवायला आलो तेव्हा तू झोपली होतीस. बाटली समोरच होती. म्हटलं, पोरगी ज्याच्यापायी एवढा जीव टाकते ते आहे तरी काय. तुझ्या त्या पितळी कपाने कपभर प्यायलो. मग घाबरलो, आणि पाण्याने भरून ठेवली."

नंबर पुन्हा पुकारला. आम्ही दोघंही हललो नाही.

मी विचारलं, "कशी लागली?"

त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा घातला.

"पाणचट. आई, तू पाणी फार घालतेस."